झेंडूची पाठराखीण

चिंचवडात पवनेच्या काठी दौलतराव रासकरांचं काचघर होतं. ते मुळात एका गोऱ्या साहेबानं बांधलेलं. साहेबाला विलायती काकड्यांचा नाद, आणि विलायती काकडीला ऊब लागते असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून त्यानं बोटीतून काचा आणवल्या आणि चिंचवडाचं ऊन आत कोंडून ठेवायची सोय केली. ऊन साठवून ठेवायची गरज चिंचवडात तोवर कुणाला पडली नव्हती. पहिल्याच चैत्रात काकड्या वेलीवरच शिजल्या. साहेबानं त्या मीठ लावून खाल्ल्या, आणखी चार वर्षं तग धरला, आणि सत्तेचाळीस साली इतर साहेबांबरोबर तोही गेला. लोक म्हणत, स्वातंत्र्य मिळालं म्हणून गेला. दौलतराव म्हणत, काकडीपायी गेला.

लिलावात दौलतरावांनी काचघर घेतलं, त्याच्याबरोबर साहेबाची पितळी झारी आपसूक आली, आणि 'रासकर आणि मंडळी, रोपे व बियाणे' अशी पाटी लागली. मंडळी म्हणजे घरचीच. तेव्हापासून दर वर्षी माघ सरत आला की रासकरांकडे वसंताची तयारी सुरू होई, आणि ती तयारी म्हणजे काचघरातली काच नाहीशी करणं. चुन्यात डिंक घालून काचांवर दोन हात द्यायचे, वरून ओली गोणपाटं पसरायची, झरोके उघडे टाकायचे. मग आत असा गारवा होई की मांजर वेतायला तिथंच येई. एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलंच, काचघर कुठंय, तर दौलतराव पांढऱ्या भिंतीकडं बोट करत आणि म्हणत, "ह्येच. काच आत हाय."

हा चुना लावायचं काम चिमाजीचं. चिमाजी म्हणजे दौलतरावांचा घरजावई. माणच्या पाच भावांतला पाचवा. वाट्याला बांध आला होता, जमीन नव्हती. रासकरांच्या बागेतून रोपं बाहेर जात, पण बाहेरून आत आणून लावलेलं रोप हे एकच. सात वर्षं झाली तरी ते रुजलंय की नुसतं उभं आहे, यावर सासरी एकमत नव्हतं. चुना लावणं, शेणखत कालवणं, कुंड्या भरणं आणि विहिरीवरून कावडीनं पाणी आणणं एवढं त्याच्याकडं होतं. झारी मात्र त्याच्याकडं नव्हती.

झारीला त्या बागेत फार मान होता. पहाटे उठून दौलतराव एकटेच काचघरात जात, दार लोटून घेत, आणि रोपांना पहिलं पाणी झारीचं देत. त्यांनी 'आटपलं' म्हणून हाक दिली की चिमाजी घागरीनं दुसरं पाणी घालायला आत जाई. वाफे पहिल्या पाण्यानंतरही ठणठणीत कोरडे दिसत. सुरुवातीला एकदा चिमाजी हे बोलून गेला होता.

"झारीचं पाणी बारीक असतं," दौलतराव म्हणाले होते. "त्ये वर दिसत न्हाई. थेट मुळाला जातं. मुरलं."

चिमाजीनं मान डोलवली होती, आणि तेव्हापासून त्याला झारी हवी होती.

एकोणीसशे छप्पन सालच्या माघात दौलतरावांनी जाहीर केलं की गुडघे आता ऐकत नाहीत, तेव्हा येत्या पाडव्याला, गुढी उतरायच्या आत, झारी दुसऱ्याच्या हाती द्यायची. हात दोनच होते. एक चिमाजीचा. दुसरा चऱ्होलीचा पुतण्या गेनूचा. गेनू रक्तानं रासकर होता आणि त्याच्या मिशा चांगल्या होत्या. याखेरीज त्याची लायकी अजून कुणी तपासलेली नव्हती. ज्याच्या हाती झारी येईल तो बागेचा धनी, आणि दुसऱ्यानं घागर धरायची, असं ठरलं.

"गेनू धनी झाला," चिमाजीची बायको शकू भाकरी थापता थापता म्हणाली, "तर तुमी त्येच्या हाताखाली घागर वाहणार जल्मभर."

"आता तुझ्या बापाच्या हाताखाली वाहतोच की."

"बापाची गोष्ट निराळी. गेनूला मी ल्हानपणी नाक पुसाया शिकवलंय. त्येनं हुकूम सोडायचा आन माझ्या नवऱ्यानं 'जी' म्हणायचं, ह्ये मला बघवायचं न्हाई."

असं बागेत चाललं असताना एके सकाळी फाटकाशी जीपगाडी थांबली आणि टोपी सावरत टिपणीस साहेब उतरले.

आकुर्डीच्या माळावर सरकारनं एक नवा कारखाना उभारला होता. 'अखिल भारतीय सूक्ष्म यंत्र कारखाना' अशी त्याची पाटी. सूक्ष्म यंत्र म्हणजे काय हे आसपासच्या गावांत कुणाला ठाऊक नव्हतं, कारखान्यातल्या लोकांनीही ते अजून पाहिलं नव्हतं. टिपणीस तिथले कल्याण अधिकारी. सगळ्यांचं कल्याण करायचं आणि त्याची तीन प्रतींत नोंद ठेवायची, असं त्यांचं काम. पाडव्याला मंत्री उद्घाटनाला येणार होते, आणि त्यासाठी फुललेल्या झाडांच्या सहाशे कुंड्या हव्या होत्या.

टिपणिसांना वाटलं, मागणी सांगितली की काम झालं. रासकरांची रीत त्यांना माहीत नव्हती. त्या घरात रोप म्हणजे लेक. ते विकत नसत, देत असत. आणि द्यायच्या आधी सासर बघत. हे खातं दौलतरावांची बायको अंबूबाईकडं. तिनं टिपणिसांना घोंगडीवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि सुरुवात केली.

"पाणी कुठलं?"

"नळाचं."

"कवा येतं?"

"मंजूर झालंय."

"घरात माणसं किती?"

"चारशे बारा पदं मंजूर आहेत."

"म्या माणसं इचारली."

"साहेब सोडून एकोणीस," टिपणीस जरा खालच्या आवाजात म्हणाले.

"आन करता काय?"

"सूक्ष्म यंत्रं."

"दिसत्यात का?"

"अजून आलेली नाहीत."

अंबूबाईनं हनुवटीला हात लावला. "घरात वडीलधारं कोन?"

"केंद्र सरकार."

"कुठं असतं त्ये?"

"दिल्लीला."

अंबूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "घर मोठं हाय, काम कुणालाच न्हाई, आन सासू दिल्लीला," ती म्हणाली. "पोरी सुखात राहतील. द्या."

टिपणिसांनी घाम पुसला. पण अजून एक गोष्ट राहिली होती. नवी नवरी सासरी जाते तेव्हा सोबतीला माहेरची एक बाई जाते, तिची पाठराखीण म्हणून. चार दिवस राहते, पोर रुळली की परत येते. रासकरांची रोपं मोठ्या संख्येनं कुठं गेली तर त्यांच्याबरोबरही पाठराखीण जाई. नव्या जागेचं ऊन, नवं पाणी, नव्या माणसांचा हात याला रोप सरावेपर्यंत ती तिथंच मुक्काम करी, आणि सोळाव्या दिवशी साडीचोळी घेऊन मानानं परत येई. आजवर हे काम दौलतरावांची विधवा बहीण रुक्मिणीबाई करत आली होती. साडीचोळीशिवाय पाठराखीण परत आली तर सासरच्यांनी लेकी नाकारल्या असा अर्थ होई. सांगवीच्या एका बंगल्यावरून रुक्मिणीबाई एकदा चोळीविना परतली होती, तर अंबूबाईनं सख्ख्या नणंदेला फाटकाबाहेर बसवून ठेवलं. बंगलेवाला चोळी घेऊन आला तेव्हाच तिला आत घेतलं. मधल्या काळात ती फाटकाबाहेर पिठलं-भाकरी खाऊन झोपेनं डुलत होती, आणि तिची अंबूबाईबद्दल काही तक्रार नव्हती. रीत म्हणजे रीत.

"कारखान्याच्या आवारात परक्या माणसाला राहता येत नाही," टिपणीस म्हणाले. "राहायचं तर पद पाहिजे. पदाला सेवाशर्ती पाहिजेत."

"म्हंजे काय?"

"काय द्यायचं, काय घ्यायचं, कधी जायचं."

"आसं म्हना की. शके, लिही."

शकू चौथीपर्यंत शिकलेली. अंबूबाईनं सांगितलं आणि तिनं लिहिलं: पाठराखिणीला दोन वेळा जेवण, त्यात एकदा तरी कालवण. निजायला कोरडी जागा. डोक्याला तेल. पाठवणीला रोपांना हळदकुंकू. रोपांना कुणी हात लावायचा झाल्यास तिला विचारून. सोळाव्या दिवशी साडी, चोळीचा खण, नारळ देऊन, गाडीत बसवून, दिवस मावळायच्या आत घरी पोचती करणे.

तो कागद टिपणिसांबरोबर गेला. तिथून मुंबईला गेला, मुंबईहून दिल्लीला. पंचवीस दिवसांनी मंजूर होऊन आला. दिल्लीनं एकच शंका काढली होती: रोपांना लावावयाचे हळद-कुंकू हे खत समजावे की जंतुनाशक? टिपणिसांनी 'जंतुनाशक' असं कळवलं आणि प्रकरण मिटलं. शेवटी मात्र एक ओळ होती. आवारात स्त्रियांना मुक्कामाची परवानगी नाही.

"म्हंजे रुक्मिणी न्हाई," दौलतराव म्हणाले.

सगळ्यांनी चिमाजीकडं पाहिलं. गेनू तेव्हा चऱ्होलीहून आलाच होता, तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "जावईबापूंना सवय हाय की दुसऱ्याच्या घरी राहायची."

चिमाजीकडं वळून दौलतराव बोलले. "जा तूच. सहाशेच्या सहाशे फुलून उभ्या राहिल्या, एकबी लेक न सुकता, आन पाडव्याला दिस मावळायच्या आत तू रीतीपरमानं परत आलास, तर झारी तुझी. न्हाई तर गेनूची."

धुळवडीच्या दिवशी पाठवणी झाली. गावात लोक एकमेकांना चिखल फासत होते आणि अंबूबाई सहाशे कुंड्यांना हळदकुंकू लावत होती. झेंडू, झिनिया, सदाफुली आणि गुलमखमल. प्रत्येकीच्या बुडाशी बागेतल्या मातीची चिमूट. पाचशेच्या पुढं कुंकू संपलं तेव्हा तिनं शकूच्या कपाळावरचं घेऊन भागवलं. दुपारी सहा बैलगाड्या निघाल्या, शेवटच्या गाडीत वळकटी मांडीवर घेऊन चिमाजी. शकू फाटकापर्यंत आली आणि डोळ्याला पदर लावला.

"अगं मी सोळा दिवसांनी येतोय."

"तुमच्यासाठी न्हाई," शकू म्हणाली. "त्या गुलमखमलासाठी."

धुळवडीची कारखान्याला सुट्टी होती, पण काम नसल्यामुळं ती कुणाला जाणवली नव्हती. एकोणीसच्या एकोणीस माणसं हजर होती. बगीच्याची जागा मुरमाची होती. त्यावर फक्कीनं रेघा मारून 'हिरवळ', 'गुलाब', 'कारंजे' असं लिहिलं होतं, आणि 'हिरवळी'वर आकुर्डीच्या शेळ्या काही सापडतंय का बघत होत्या. तेव्हा उद्घाटनापर्यंत कुंड्या यंत्रांच्या शेडमध्ये ठेवायच्या असं ठरलं. शेड चांगली तीनशे फूट लांब आणि पूर्ण रिकामी. छत काचेचं.

चिमाजीनं मान वर करून छताकडं पाहिलं. त्याला साहेबाच्या काकड्या आठवल्या.

तिसऱ्या दिवशी झिनियानं माना टाकल्या. चौथ्या दिवशी दुपारी शेडमध्ये पाय ठेवला की आतून कुणीतरी तोंडावर गरम फुंकर मारल्यासारखं होई. चिमाजी टिपणिसांकडं गेला.

"साहेब, छताला चुना लावाया पायजे."

टिपणिसांनी चष्मा काढला. "अहो, हे छत परदेशी तज्ज्ञांनी आखलंय. यंत्रांवर नैसर्गिक उजेड पडावा म्हणून."

"यंत्रं कुठंयत?"

"उजेडाची तयारी आधी करावी लागते."

"पोरी मरत्यात साहेब. सहाशे लेकी घेऊन आलोय मी. अंबूमामीला काय सांगू, उजेडानं गेल्या म्हणून?"

टिपणीस वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाट उघडलं आणि बराच वेळ कागद चाळले. मग त्यांचा चेहरा खुलला. रंगरंगोटीची एक मंजुरी वर्षभर तशीच पडून होती, आणि ती मार्चअखेर मरणार होती. आज एकतीस मार्च.

"कुठला रंग, ते लिहिलेलं नाही," टिपणीस हळूच म्हणाले. "कशाला लावायचा, तेही नाही."

तासाभरात एकोणीस कारकून धोतराचे काचे मारून छतावर होते. वर्षभर नुसत्या जावक-आवक वह्या सांभाळून त्यांचे हात शिवशिवत होते. एक जण खाली वाकून म्हणाला, "चिमाजीराव, याला ओव्हरटाइम मिळेल का हो?" चिमाजीला तो शब्द माहीत नव्हता, त्यानं डोक्याला लावायच्या तेलाची बाटली वर दिली. संध्याकाळपर्यंत परदेशी तज्ज्ञांचं छत चिंचवडच्या रीतीनं पांढरंफेक झालं. गोणपाटांचीही अडचण आली नाही. यंत्रं आली नव्हती, पण ती झाकायची गोणपाटं आधीच आली होती. नळ मंजूर होता, पण कोरडा होता. म्हणून माळाखालच्या विहिरीपासून शेडपर्यंत कारकुनांची रांग लागली आणि घागरी हातोहात येऊ लागल्या. रोज सकाळी सात ते नऊ पाणी, मग दिवसभर गारव्यात वह्या. कुणी घरी जाईनात. टिपणिसांनी स्वतःचं टेबल झेंडूत आणून मांडलं.

झिनियानं माना वर केल्या. अमावास्येला सहाशेच्या सहाशे कुंड्या फुलल्या होत्या. आता एकच गोष्ट उरली होती, साडी.

पाडव्याच्या सकाळी चिमाजीनं टिपणिसांना गाठलं. टिपणिसांनी कागद काढून दाखवला. साडी मंजूर होती. तीन दुकानांची दरपत्रकंही आली होती. पण भांडार विभागानं वापरणाऱ्याचं माप मागितलं होतं, आणि वापरणाऱ्याच्या नावापुढं चिमाजी बाळा माणकर, पुरुष, असं दिसल्यावर कागद पुन्हा दिल्लीला गेला होता.

"साडी नाकारलेली नाही," टिपणीस म्हणाले. "ती प्रक्रियेत आहे."

"प्रक्रियेतली साडी मामी मानायची न्हाई. मला फाटकाबाहेर बसवंल. तिकडं गेनू तेल लावून बसला आसंल झारीशी."

"झारी कसली?"

चिमाजीनं सांगितलं. टिपणिसांनी शांतपणे ऐकून घेतलं. एका भांड्यासाठी माणूस सात वर्षं थांबतो याचं त्यांना नवल वाटलं नाही. ते स्वतः अकरा वर्षं एका फिरत्या खुर्चीसाठी थांबले होते. "बघू," ते म्हणाले, आणि तेवढ्यात मंत्र्यांच्या गाड्यांची धूळ दिसली.

चैत्राचं ऊन, त्यात उघडा माळ. दाराशी कोनशिला, तिच्यावर हिरवा पडदा. मंत्र्यांनी नारळ फोडला, तबकातली कात्री घेऊन फीत कापली, दोरी ओढली, पडदा खाली आला, टाळ्या झाल्या. मंत्र्यांच्या टोपीतून घामाची धार लागली होती. त्यांनी कोनशिलेवरचं स्वतःचं नाव वाचलं आणि कुणीतरी दार उघडलं तसे ते आत शिरले.

आत गार होतं. ओल्या मातीचा वास होता. पांढऱ्या, सौम्य उजेडात सहाशे कुंड्या कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या ओळीनं फुलल्या होत्या. मंत्री थांबले. त्यांनी टोपी काढली. मग खुर्ची मागितली. बाहेर मांडवात माणसं भाषणाची वाट बघत होती. मंत्र्यांनी निरोप पाठवला की भाषण आतच होईल, ज्यांना ऐकायचं त्यांनी यावं.

"गारवा उत्तम राखला आहे," ते म्हणाले. "सूक्ष्म यंत्रांना लागत असेल."

"हो," कारखान्याचे मोठे साहेब म्हणाले. दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं.

"उत्पादन कसं आहे?"

मोठ्या साहेबांनी टिपणिसांकडं पाहिलं, टिपणिसांनी कारकुनांकडं, कारकुनांनी छताकडं. मंत्र्यांची नजर फिरत फिरत कोपऱ्यात घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसावर थांबली. शेडमध्ये तेवढ्या एकाच माणसाच्या हातात काहीतरी होतं.

"तुमच्याकडे काय काम?"

"पाठराखीण हाय जी," चिमाजी म्हणाला.

मंत्र्यांनी मान हलवली. तांत्रिक पदांची नावं अवघड असतात हे त्यांना ठाऊक होतं. "किती तयार झाले?"

"सहाशे."

"किती दिवसांत?"

"सोळा."

"त्यात बाद किती?"

"एकबी न्हाई जी. एक झिनिया आजारली व्हती, पर उठली."

सहाशे, सोळा दिवसांत, बाद एकही नाही. मंत्र्यांनी तिथल्या तिथं पाऊण तास भाषण केलं. ते म्हणाले की एवढं शांत, एवढं स्वच्छ, धूर नाही, खडखडाट नाही असं यंत्रालय त्यांनी परदेशातही पाहिलं नाही. प्रत्येक सरकारी कारखान्यात पाठराखिणीचं पद निर्माण करावं, अशी सूचना त्यांनी सचिवांना लिहून घ्यायला लावली. आणि जाता जाता चिमाजीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, या कामगाराला कायम करा.

धूळ खाली बसल्यावर टिपणीस हसत आले. "अभिनंदन. राहायला खोली, म्हातारपणी पेन्शन. देशातली पहिली कायम पाठराखीण."

चिमाजी आभाळाकडं बघत होता. सूर्य चांगलाच कलला होता. "मला साडी द्या साहेब, आन जाऊ द्या."

"कायम माणसाला साडी देता येत नाही."

टिपणीस खिशातून कागद काढून पुन्हा वाचू लागले.

"कायम तुम्ही उद्यापासून," ते सावकाश म्हणाले. "आजच्या तारखेला तुम्ही हंगामीच. शर्ती लागू आहेत. फक्त साडी..."

चिमाजीचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. दाराशी एक कारकून कोनशिलेचा पडदा गोळा करत होता. तो जसजसा गोळा होत होता तसतसा संपत नव्हता. हिरवा, लाल काठाचा, चांगला नऊ वार.

"साहेब, त्यो काय?"

"पडदा. हिरवा, एक."

"त्येला पदर हाय."

टिपणिसांनी जवळ जाऊन बघितलं. पदर होता. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात पडदा मिळाला नव्हता म्हणून खरेदीवाल्यानं जे मिळालं ते पडदा म्हणून आणलं होतं. टिपणिसांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"एकदा उद्घाटन झालेला पडदा पुन्हा वापरता येत नाही," ते म्हणाले. "तो निकालात काढावा लागतो." आणि त्यांनी कागदावर लिहिलं, निकालात काढला. कात्रीच्या तबकावर जरीचा खण होता, तोही निकालात निघाला. नारळ मंत्र्यांनी फोडला होता. एक भकल त्यांच्या गाडीतून गेलं होतं, दुसरं मिळालं.

गाडी मात्र नव्हती. जीप मंत्र्यांच्या मागं गेली होती. मग कारकुनांनीच शेडच्या मागून लोखंडी गाडा ओढून आणला. तो यंत्रं वाहायला आला होता. त्यावरून वाहून नेलेली पहिली वस्तू म्हणजे चिमाजी. मांडीवर हिरवी साडी, हातात अर्धा नारळ, आणि मागून गाडा ढकलणारे एकोणीस कारकून अशी ती वरात आकुर्डीच्या माळावरून चिंचवडाकडं निघाली. वाटेत एका म्हातारीनं विचारलं, कुणाचं लगीन? "सरकारचं," एक कारकून म्हणाला.

बागेत गुढीची काठी दौलतरावांनी हाताशी घेतली होती. गेनू न्हाऊन, मिशांना तेल लावून, झारीच्या दांड्यावर एक बोट ठेवून उभा होता. शकू फाटकाशी होती. गाडा आला तेव्हा नदीपलीकडच्या बाभळींच्या शेंड्यांवर अजून ऊन होतं.

अंबूबाई पुढं आली. तिनं नारळाचं भकल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. खण पाहिला. मग साडीचा काठ बोटांखालून सरकवत सरकवत ती थांबली. काठाला हातभर अंतरावर पितळी कड्या शिवलेल्या होत्या.

"ह्ये काय?"

"सरकारी काठ हाय, मामी," चिमाजी म्हणाला.

"फाडून बघू का त्या कड्या?"

"बघा. सरकारनं शिवल्यात, निघायच्या न्हाईत."

अंबूबाईनं एक कडी ओढली. निघाली नाही. तिनं साडी शकूच्या खांद्यावर टाकली आणि फाटक उघडलं. "लेकी सुखात हायत," ती म्हणाली. "आत या."

गेनूनं झारीवरचं बोट काढलं. दौलतरावांनी झारी दोन्ही हातांनी उचलून चिमाजीला दिली. ती अपेक्षेपेक्षा हलकी होती. मग गुढी उतरली, सगळ्यांनी साखरेची गाठी खाल्ली, आणि एकोणीस कारकून शकूच्या हातचं पिठलं खाऊन गाडा ढकलत परत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिमाजी पहिल्यांदा एकटा काचघरात गेला. त्यानं दार लोटून घेतलं. आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेली घागर उचलली आणि झारीत ओतली. सगळं पाणी त्याच्या पायांवर पडलं. त्यानं आणखी एक घागर ओतली. तीही पायांवर. मग त्यानं झारी उलटी करून पाहिली. झारीला बूड नव्हतं.

दार वाजलं. दौलतराव आत येऊन पाठीमागं दार लावून उभे राहिले.

"मामा," चिमाजी म्हणाला, "कवापासनं?"

"लिलावापासनं."

"आन रोजचं पहिलं पाणी?"

"त्ये झारीचंच की."

"मग रोपं कशी जगली?"

दौलतरावांनी ओल्या जमिनीकडं पाहिलं, मग जावयाच्या ओल्या पायांकडं. "दुसऱ्या पान्यावर," ते म्हणाले. "बाहीर बोलू नगं. कथलाचं बूड बशिवता ईल, पर मग जड हुती."

मग दौलतराव गेले. चिमाजी झारी घेऊन उभा राहिला. झारीची नळी बगळ्याच्या मानेसारखी बाकदार होती, तोंडाची चाळण लखलखत होती. त्यानं ती वाफ्यावर धरून हळूच तिरकी केली. मनगट कसं वळवायचं हे सात वर्षं दाराच्या फटीतून बघून त्याला पाठ होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही रोप न चुकवता तो सगळ्या वाफ्यांवरून चालत गेला. मग दार उघडून बाहेर आला.

गेनू घागर घेऊन उभा होता. मिशीला आज तेल नव्हतं. त्याच्या मागं शकू, हिरव्या साडीत; चालताना कड्यांचा बारीक आवाज होत होता.

"आटपलं," चिमाजी म्हणाला. "गेनूभाऊ, दुसरं पाणी घाला."

गेनू आत गेला. वाकून त्यानं वाफ्यातली माती चिमटीत धरली आणि चोळली. धूळ उडाली.

"दाजी, ह्ये तर ठणठणीत कोरडं हाय."

"मुरलं," चिमाजी म्हणाला.